अठरा इंच

"जमिनीपासून अठरा इंच. त्याच्याखाली बसायचं नाही," असं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या मनातल्या मनात आमचं घर फिरून आले. विळी जमिनीवर. पाटा-वरवंटा जमिनीवर. देवासमोरचा पाट दोन इंच. जेवायला पंगत जमिनीवर. रातांबे फोडायचे ते मांडी घालून, आमसुलांना पुटं द्यायची ती उकिडवं बसून. संडास मागीलदारी, तोही बसायचा. एकूण काय, देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत माणूस उभा असतो किंवा जमिनीवर असतो, मधे फारसं काही नसतं. खुर्च्या आहेत, त्या पाहुण्यांसाठी आणि कपड्यांच्या घड्या ठेवायला.

मी बासष्ट वर्षांची आहे. डाव्या खुब्याचा सांधा बदलून घेतला त्याला आता बरेच महिने झाले. ओळखीतल्या बायका विचारतात, ऑपरेशन फार कठीण होतं का? ऑपरेशन दोन तासांचं होतं आणि त्यातलं निम्मं मी झोपेत काढलं. कठीण होतं ते त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं.

दुखणं सुरू झालं 2022 च्या मे महिन्यात. रातांब्यांची टोपली पुढ्यात घेऊन बसले होते, उठताना डाव्या जांघेत चमक भरली. बसून बसून आखडलं असेल म्हणून सोडून दिलं. मग ती चमक गुडघ्यात उतरली. मी दुखतं कुठे म्हणून गुडघाच दाखवायची, त्यामुळे एका डॉक्टरांनी गुडघ्याचाच एक्स-रे काढला. वयाप्रमाणे थोडी झीज आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. पुढचं वर्षभर मी त्या बिचाऱ्या निर्दोष गुडघ्याला तेल चोळलं, निगडीचा पाला शेकला, पट्टा बांधला. शेजारणीने देवळात गाऱ्हाणं घालायला लावलं, तेही गुडघ्याच्याच नावाने. खुब्याचं दुखणं जांघेत आणि गुडघ्यात जाणवतं, खुब्यावर हात ठेवून "इथे" असं म्हणावंसं वाटतच नाही, हे तेव्हा कळलं असतं तर वर्ष वाचलं असतं. तपासणाऱ्याला कळायला हवं होतं, हा माझा राग अजून गेलेला नाही.

कणकवलीतल्या एका तरुण डॉक्टरने मला टेबलावर आडवं केलं, गुडघा वाकवून पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला फिरवलं आणि मी ओरडले. "काकू, गुडघा सोडा, खुब्याचा फोटो काढू," एवढंच तो म्हणाला. पुढे कोल्हापुरात एमआरआय झाला आणि मला एक नवा शब्द मिळाला, एव्हीएन. मांडीच्या हाडाच्या टोकाला जो गोळा असतो, त्याला रक्त पोचवणाऱ्या नळ्या मुळातच बारीक. त्या बंद पडल्या की गोळ्यातलं हाड मरतं. मेलेलं हाड काही दिवस आकार धरून असतं, अंगावरचं वजनही पेलतं, मग एक दिवस खचतं. मला वाळवी लागलेला वासा आठवला. वरून रंग शाबूत, बोट दाबलं की आत भुसा. डॉक्टरांनी एक्स-रेवर गोळ्याच्या कडेची चंद्रकोरीसारखी काळी रेघ दाखवली. त्याच्यावर हाड चपटं व्हायला लागलं होतं. अगदी सुरुवातीला कळलं तर हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करतात, कधी कधी गोळा वाचतो. माझी ती वेळ गुडघ्याला तेल चोळण्यात गेली होती.

कारण विचारलं. 2021 च्या मे महिन्यात मला कोविड झाला होता, ऑक्सिजन लागला होता, स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली होती. स्टिरॉइड हे एव्हीएनचं एक ठाऊक असलेलं कारण आहे, दारू हे दुसरं, खुब्याला मोठा मार लागणं हे तिसरं. दारू मी घेत नाही आणि पडले कधी नव्हते. "पण तेव्हा त्याच औषधाने तुम्ही वाचलात, राग धरू नका," डॉक्टर म्हणाले. राग नाही धरला.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई अवाक. "मी नव्वदीक इलंय, माजा काय मेला नाय. तुजा हाड कसा मेला गो?" याला काय उत्तर देणार? त्या अजून उकिडव्या बसून केर काढतात.

पैशांचं लवकर सांगून टाकते. इम्प्लांट, हॉस्पिटल, येणंजाणं धरून तीन लाखांच्या पुढे जाणार होतं. त्या वर्षी ह्यांनी वरच्या सड्यावरची कलमं स्वतः न करता कराराने देऊन टाकली. आगाऊ रक्कम आली, उरलेली मुलाने घातली. माझ्या पायासाठी हापूसची बाग दुसऱ्याच्या हाती गेली, याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, फक्त मोहोर आल्यावर दोनदा उगीचच सड्यावर जाऊन आले.

तारीख मिळाली 27 मे 2024. त्याआधी तपासण्यांची माळ होती: रक्त, साखर, ईसीजी, टू-डी इको, छातीचा फोटो, दातांच्या डॉक्टरांचा दाखला. दातांचा कशाला, असं मला वाटलं. तर शरीरात कुठेही जंतू असले, किडक्या दातात असोत की लघवीत, ते रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतात. तिथे एकदा बसले की औषधांना सहज दाद देत नाहीत, कधी कधी बसवलेला सांधा परत काढावा लागतो. म्हणून एक दाढ काढून घेतली. बॅग भरली. आणि 24 तारखेला फोन आला, लघवीत इन्फेक्शन आहे, ऑपरेशन पुढे.

मी त्या दिवशी दुखण्याने रडले नव्हते तेवढी फोनने रडले.

गोळ्यांनी इन्फेक्शन दोन आठवड्यांत गेलं. डॉक्टर म्हणाले, जूनच्या मध्यावर करू. तोपर्यंत पाऊस लागला होता. आमच्या खळ्यातून ओटीवर यायला सात पायऱ्या आहेत, जांभ्या चिऱ्याच्या. जूनच्या अखेरीस त्यांच्यावर शेवाळ धरतं, दोन्ही पाय धड असलेला माणूसही भिंत धरून उतरतो. वॉकर घेऊन त्यांच्यावरून कशी जाणार? त्यात गणपती. मुलगा-सून मुंबईहून येणार ते त्याच वेळी. मीच म्हटलं, गणपती झाल्यावर करा. निर्णय माझा होता हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचे तीन महिने मी तो सगळ्यांवर ढकलून पाहिला.

त्या तीन महिन्यांत रात्र फार मोठी झाली. दिवसा निदान काहीतरी धरून उभं राहता येतं. रात्री कुशीवर वळायचं म्हटलं की आधी मनाशी ठरवावं लागायचं, मग उशी सरकवायची, मग पाय हाताने उचलून न्यायचा. कौलांवर पाऊस, शेजारी ह्यांचं घोरणं, आणि माझं वळण. वेदनाशामक गोळ्या रोज घेऊ नका, मूत्रपिंडं जातील, अशी ताकीद होती. म्हणून मी गोळ्या मोजून वापरायची, जशी पूर्वी रॉकेल वापरायचो. बुधवारी बाजाराला जायचं असेल तर मंगळवारची गोळी वाचवून ठेवायची.

मुलाने वेळ घालवायला म्हणून खुब्याच्या ऑपरेशनची माहिती मोबाइलवर पाठवली. आजच्यासारखा सांधा बसवायची पद्धत 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन चार्नली नावाच्या सर्जननी रुळवली. हाडाचा गोळा ज्या वाटीत फिरतो, त्या वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन वापरलं होतं. टेफ्लॉन म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्याचं. ते काही वर्षांतच झिजलं आणि त्या पेशंटांची ऑपरेशनं परत करावी लागली, मग 1962 पासून वेगळं, चिवट प्लास्टिक आलं. मुलाने हे धीर देण्यासाठी पाठवलं होतं. मी त्या रात्री आमच्या तव्याचं निघालेलं कोटिंग डोळ्यांसमोर आणत जागी राहिले.

घराचं काम मात्र या दिवसांत झालं. मागीलदारचा संडास तीस पावलांवर, पावसात तो प्रश्नच नव्हता. घरात कमोड बसवायला जागा एकच, बाळंतिणीची खोली. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. त्यांची चारही बाळंतपणं त्या खोलीत झाली, हे तिथेच जन्मले. गवंडी फरशी फोडत होता तेव्हा त्या दारात उभं राहून एकच वाक्य बोलल्या, "झील जल्मलो थंय आता सून हगतली." गवंड्याच्या हातातली थापी पडली. मी दीड महिन्यानंतर पहिल्यांदा हसले.

गणपतीचे पाच दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही. 7 सप्टेंबरला चतुर्थी. मोदक मी वळले, पण टेबलाशी स्टुलावर बसून, सारण सुनेने केलं. आरतीला सगळे उभे, तिथे मी सगळ्यांसारखी. पण पंगत बसली आणि माझ्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची आणि समोर दुसरी खुर्ची, तिच्यावर पान. खाली सगळ्यांची डोकी दिसत होती. भाचा म्हणाला, "मामी, तू मंत्री दिसतेस." सगळे हसले, मीही. वालीच्या भाजीची चव त्या दिवशी लागली नाही.

मग तारीख मिळाली, 24 सप्टेंबर. इतकी पटकन कशी, तर तो पितृपक्ष होता. हॉस्पिटलच्या बाईंनी फोनवर सरळ सांगितलं, या पंधरवड्यात लोक ऑपरेशनं टाळतात, यादी मोकळी असते. शेजारीण ओटीवर येऊन म्हणाली, "म्हाळात खंय ऑपरेशन करतत काय?" ह्यांनी पंचांग न बघता गाडी ठरवली. सासूबाईंना विचारायचं धाडस मी केलं नाही, तर त्याच म्हणाल्या, पितर घरातलेच आहेत, ते कशाला वाईट करतील. हे मला पटलं.

देवगडहून फोंडाघाट चढून दाजीपूर, राधानगरीवरून कोल्हापूर, चार तास. घाटातल्या प्रत्येक खड्ड्याची माझ्या खुब्यात वेगळी नोंद आहे.

ऑपरेशनचं सांगते. पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखाली बधिर करतात. त्यासाठी बसून पाठीचा कोयंडा करायला सांगतात, तेच सगळ्यात त्रासाचं. मग पाय हळूहळू कुणा दुसऱ्याचे झाले. समोर हिरवा पडदा. झोपेचं औषध दिलं होतं तरी मधे जाग आली, आणि ऐकू आलं ते ठाक, ठाक, ठाक. आमच्याकडे ओटीचा खांब बसवताना सुतार पाचर मारायचा, अगदी तोच ठोका. प्रत्येक ठोक्याला मी टेबलावर थोडी वर सरकत होते, दुखत काहीच नव्हतं. माझा सांधा सिमेंटशिवाय बसवायचा होता. मांडीच्या हाडाच्या पोकळीत टायटॅनियमची दांडी घट्ट ठोकतात आणि पुढे हाड तिच्या खरबरीत पृष्ठभागाला धरून वाढतं. वर सिरॅमिकचा गोळा, कंबरेच्या हाडात टायटॅनियमची वाटी, तिच्यात प्लास्टिकचं अस्तर. या सगळ्यांची स्टिकरं फाइलमध्ये चिकटवून देतात, शेगडीचं वॉरंटी कार्ड असतं तशी. "अजून किती?" असं मी पडद्याकडे बघून विचारलं. "झालं काकू, आता शिवतोय," असं कुणीतरी म्हणालं आणि मी परत झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट मुलगी वॉकर घेऊन हजर. "उठा की काकू, काय न्हाई होत." मला वाटलं ही थट्टा करते. उभी राहिले. घाम फुटला, डोळ्यांपुढे काजवे. पण जांघेतली ती जुनी, रात्रीची, वाळवीची वेदना नव्हती. जखमेची होती, शिवणीची होती, ती वेगळी. दोन वर्षांची ओळखीची वेदना एका रात्रीत नाहीशी झाली होती. मी वॉकर धरून उभी आणि रडतेय, ती मुलगी घाबरून विचारते, दुखतंय का? मला सांगताच येईना.

नियम तिने पाठ करून घेतले. माझा सांधा मागच्या बाजूने उघडून बसवला होता, त्यामुळे तो मागेच निखळण्याची भीती. कंबरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. पाऊल आतल्या बाजूला वळवायचं नाही. झोपताना दोन पायांच्या मधे उशी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. हे तीन महिने सक्तीने. उकिडवं बसणं मात्र, माझे डॉक्टर म्हणाले, आता कायमचं विसरा. पोटात रोज एक इंजेक्शन, पायांच्या नसांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. तेही घरी ह्यांनी दिलं. कलमांवर फवारणी करणारा माणूस, सुई हातात धरून थरथरत होता.

पाचव्या दिवशी घरी. गाडीच्या सीटवर उशी, उशीवर प्लास्टिकची पिशवी. ही युक्तीही त्या मुलीचीच. आधी पाठमोरं बसायचं आणि मग पिशवीवरून घसरत दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे, सांधा पिळवटत नाही. दर तासाला उतरून दहा पावलं. राधानगरीच्या अलीकडे उसाच्या कडेला गाऊन घालून वॉकरवर फिरणारी बाई बघून एसटीतले लोक माना वळवून बघत होते.

घरी ह्यांनी टेप घेऊन सगळं मोजून ठेवलं होतं. पलंग चौदा इंच भरला, म्हणून चिऱ्याचे चार तुकडे तासून त्याच्या पायांखाली. कमोडवर उंच करायची प्लास्टिकची बैठक. ओटीवरच्या खुर्चीत गोधडीची घडी. सात पायऱ्यांना एका बाजूने पाइपचा कठडा आणि शेवाळ पार खरवडून काढलेलं. पायऱ्यांपाशी उभे राहून ते मोठ्याने म्हणायला लागले, "चांगला आधी, चांगला आधी," आणि वाडीतली चार पोरं ते ऐकून मागून तसंच ओरडायला लागली.

तिसरा आठवडा वाईट गेला. याबद्दल कुणी आधी सांगत नाही. टाके निघालेले, बघायला येणारे येऊन गेलेले, भूक नाही, पोट साफ नाही. खाली पडलेली गोळी उचलता येत नाही. परकर घालायला मी आंब्याची फांदी ओढायच्या आकडीसारखी एक छोटी आकडी करून घेतली होती. तिने परकर पायात अडकवायचा आणि वर ओढायचा. एके सकाळी तो पाच वेळा सुटला. सहाव्यांदा मी आकडी फेकून दिली, आणि फेकलेली आकडीही उचलता येईना. सासूबाई आल्या, वाकल्या, आकडी उचलली, परकर उचलला, मला घातला. नव्वद वर्षांची बाई बासष्ट वर्षांच्या सुनेला परकर घालतेय. दोघी काही बोललो नाही.

त्याच आठवड्यात पोटरी सुजली आणि दुखायला लागली. फोनवर डॉक्टर म्हणाले, चोळू नका, लगेच नसांची सोनोग्राफी करा. कणकवलीला गेलो, गुठळी नव्हती. पण चोळू नका हे ऐकलं नसतं तर शेजारणीचं तेल तयारच होतं.

दिवाळीनंतर सहा आठवड्यांची तपासणी झाली. वॉकर गेला, काठी आली. काठी उजव्या हातात, म्हणजे चांगल्या बाजूला धरायची. हे सगळ्यांना उलटं वाटतं, गावात प्रत्येकाने मला एकदा तरी दुरुस्त केलं. डावा पाय लांब झालाय असं सारखं वाटायचं. मोजून झालं, सारखेच होते, दोन वर्षं आखडलेल्या स्नायूंना खरी लांबी आठवत नव्हती. डिसेंबरच्या अखेरीस काठी दाराआड राहिली. महाशिवरात्रीला कुणकेश्वरला गेले. वाळूत नाही उतरले, पण देवळापर्यंत पायी.

राहिली विळी. आमच्याकडे तिला आडाळो म्हणतात, पाटावर बसवलेली, पुढे नारळ खोवायचं दातेरी पातं. मिक्सरला खोबरं लागतं ते खोवलेलंच आणि माझं खोवणं सगळं सासूबाईंवर पडलेलं. जानेवारीत ह्यांनी सुताराला बोलावलं. फणसाच्या फळीचं एक बाकडं करून घेतलं, एका टोकाला आडाळो पक्का ठोकला, बसायची जागा टेपने मोजून अठरा इंच. खाली परात ठेवायला छोटी चौकट. सुतार म्हणाला, असलं काम पहिल्यांदाच करतोय. ठाक, ठाक चालू होतं तेव्हा मी आत निघून गेले.

बाहेर आले तर बाकड्यावर सासूबाई बसलेल्या. परात लावलेली, अर्धा नारळ खोवून झालेला.

"बरा आसा," त्या मुलाकडे बघून म्हणाल्या. "ह्या आधी कित्याक नाय केलंस रे?"

तेव्हापासून सकाळी आधी त्यांचा नारळ होतो, मग माझा.